लिंकर नाही म्हणतो तेव्हा

त्या जुलैत माझ्या लॅपटॉपवर एकेचाळीस चुका दिसत होत्या आणि एकेचाळीसही एकाच तऱ्हेच्या होत्या. तू मागतेस ते मला सापडत नाही, एवढंच म्हणणं. लाल अक्षरांत, एकाखाली एक. मी देवबागला, बाबांच्या इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये, डिझेलच्या वासात बसले होते, कारण इन्व्हर्टर तिथंच होता आणि पावसात घरातली वीज दिवसातून पाच वेळा जायची. मला त्या चुकांचा राग आला होता. मला राग लवकर येतो. पुण्याच्या कंपनीत माझ्या वार्षिक अहवालात ते दर वर्षी लिहून यायचं.

ती नोकरी सोडून गावी आले तेव्हा तिथले साहेब म्हणाले होते, "तिकडे बसून तुझ्या हातून खरं काम होणार नाही. होमस्टेवाल्यांच्या वेबसाइटी करत बसशील." दोन वर्षं मी खरोखरच होमस्टेवाल्यांच्या वेबसाइटी केल्या. त्यामुळे मच्छीमार सोसायटीचं काम समोर आलं तेव्हा मी ते हावऱ्यासारखं घेतलं.

आमच्या गावाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. टोकाला दोन्ही मिळतात तिथं पाण्याखाली वाळू सरकत असते. पावसाळ्याआधी जिथून बोट सहज जायची, तिथं पावसाळ्यानंतर कमरेएवढं पाणी असतं. माझा दादा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. आदल्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला परत येताना त्याची बोट त्या वाळूवर चढली, आडवी झाली आणि लाटांनी तिच्या फळ्या वेगळ्या केल्या. माणसं पोहून आली. दादा सांगत राहिला की वाट दक्षिणेला सरकली आहे, मी जुन्या वाटेनं आलो ते चुकलं, पण वाट सरकली आहे. कोणी ऐकलं नाही. तांडेल झोपला होता, असं गावानं ठरवून टाकलं. त्यानंतर एकाही मालकानं त्याला बोट दिली नाही. वीस वर्षं समुद्रात गेलेला माणूस तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाइफ जॅकेटचे पट्टे बांधून द्यायला लागला.

सोसायटीकडे पाण्याची खोली मोजायचं एक यंत्र पडून होतं. होडीच्या तळाला लावायचा डबा; तो खाली आवाज सोडतो, आवाज परत आला की खोली सांगतो. यंत्र चांगलं होतं, पण त्याच्याबरोबर आलेला कॉम्प्युटर खाऱ्या हवेनं खाल्ला होता आणि विकणारी कंपनी बंद पडली होती. उरली होती एका सीडीवरची लायब्ररी, म्हणजे त्या यंत्राशी बोलायची सगळी कामं आधीच करून ठेवलेली एक बंद फाइल. आत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, फक्त वापरता येत होतं. मी तिच्याभोवती नवा प्रोग्राम लिहायचा आणि खाडीच्या तोंडाचा नकाशा काढायचा, असं ठरलं. सोसायटीचे चेअरमन स्वतः दोन बोटींचे मालक. ते दादाला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या भयणीन यंत्र चालू केल्यान, तर नारळी पुनवेक माझी बोट तूच काढ."

दादानं त्या दिवशी घरी येऊन जेवताना दोनदा भात मागून घेतला. वर्षभरात पहिल्यांदाच. म्हणून त्या एकेचाळीस चुका मला नुसत्या चुका वाटत नव्हत्या.

"काय गो, अजून अडलेला?" बाबा विचारायचे. मी त्यांना सांगितलं की मी माझा भाग लिहिते, कंपनीनं त्यांचा भाग लिहून ठेवलाय, आणि शेवटी लिंकर नावाचा एक प्रोग्राम दोन्ही भाग एकमेकांना जोडतो. माझ्या भागात जे काम मागितलंय ते त्यांच्या भागात शोधतो आणि गाठ मारतो. पण त्यांचा भाग ज्या कंपायलरनं, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामनं बनवला तो वेगळा, माझा फुकटातला वेगळा. प्रत्येक कंपायलर कामाच्या नावावर आपापली खूण मारून ठेवतो. माझा लिंकर माझ्या खुणेचं काम शोधतो, लायब्ररीत त्यांच्या खुणेचं असतं. काम समोर पडलेलं असून याला दिसत नाही.

"मगे तेंच्या कंपायलरान कर ना," बाबा म्हणाले. हेच पुण्याची माझी मैत्रीणही फोनवर म्हणाली होती. तो कंपायलर दहा वर्षांपूर्वीचा होता, आता मिळत नव्हता, आणि माझ्या नव्या लॅपटॉपवर चाललाही नसता. शिवाय मला तसं करायचं नव्हतं. मला ते माझ्या पद्धतीनं जिंकायचं होतं, हे आज सांगायला हरकत नाही.

बंद पडलेल्या कंपनीची गिऱ्हाइकं ज्या दुसऱ्या कंपनीनं घेतली, तिथं मी फोन लावला. तिथला इंजिनियर अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही. तुम्ही नवीन घ्या."

"यंत्र चालू आहे हो. लायब्ररी नव्या कंपायलरला जोडायची आहे फक्त."

"तसं होत नाही, मॅडम. कोणीच करत नाही तसं."

"मग मी करते," असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

पुढचे बारा दिवस मी ती लायब्ररी उघडून आतल्या खुणांची यादी काढली, माझ्या खुणांची यादी काढली, आणि एक तिसरी यादी बनवून लिंकरला बजावलं: तू याला जे म्हणतोस, तेच इथं त्या खुणेनं ठेवलंय, मुकाट्यानं घे. एकेचाळीसच्या एकतीस झाल्या, एकतिसाच्या नऊ. एका दुपारी मी बटण दाबलं आणि लाल अक्षर एकही आलं नाही. मी शेडमध्ये मोठ्यानं ओरडले. बाबा इंजिनाखाली आडवे होते, ते दचकले आणि त्यांचं डोकं आपटलं.

यंत्र होडीला बांधून आम्ही धक्क्यालाच उभ्या उभ्या तपासलं. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा आला, एक मीटर साठ. बांबू बुडवून पाहिला, तंतोतंत. दादानं तो बांबू हातात धरून धक्क्यावरच्या प्रत्येकाला दाखवला. "माझ्या भयणीन करून दाखवल्यान," हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की मला लाज वाटायला लागली. पण छातीही फुगली होती, नाही कशाला म्हणू? मी पुण्याच्या साहेबांना पडद्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

चेअरमननी नारळी पौर्णिमेला धक्क्यावर छोटा कार्यक्रम ठरवला. समुद्राला नारळ द्यायचा, यंत्राला हार घालायचा, आणि लगेच दादानं चेअरमनची बोट बाहेर काढायची.

आदल्या दिवशी सकाळी पावसानं उघडीप दिली. दादा आणि मी बाबांची होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेलो. आमच्याकडे कोणीही तांडेल यंत्राच्या भरवशावर तोंड ओलांडत नाही. पुढच्या टोकाला एकजण शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडतो आणि खोली वावांत ओरडून सांगतो. वाव म्हणजे दोन हात पसरले की होतं तेवढं अंतर, सहा फूट. दादानं सवयीनं दोरी सोडली. पडद्यावर चार मीटर दहा होतं. दोरी ओढून त्यानं मोजली आणि परत एकदा मोजली.

"किती?" मी विचारलं.

"दीड वाव. जरा कमीच."

दीड वाव म्हणजे पावणेतीन मीटरसुद्धा नाही. आम्ही पुढे सरकलो. परत दोरी, परत दीडच. पडद्यावर परत चार दहा. तिसऱ्यांदाही तेच.

"दोरयेक करंट लागलो आसतलो," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

"करंट लागलो तर दोरी तिरकी होतली, दादा. तिरकी दोरी जास्त दाखवतली. कमी कशी दाखवतली?"

वीस वर्षं दोरी सोडणाऱ्या माणसाला हे मी सांगायची गरज नव्हती. त्यानं होडी वळवली. धक्क्याला होडी बांधताना तो फक्त म्हणाला, "उद्याचो दिस जावंदे. मगे बघूया."

मी शेडमध्ये जाऊन बाबांच्या शेजारी बसले. ते दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनाचं झाकण उघडत होते. एक बोल्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "हो बघ. भोक मिलिमीटराचा आणि बोल्ट सुताचो, इंची मापाचो. दोन आटे जाता, मगे घट्ट लागता. लावणाऱ्याक वाटता, बसलो. आणि भर दर्यात इंजिन थरथरान सुटता." ते मला काही शिकवायला बसले नव्हते. ज्यानं तो बोल्ट लावला त्याला शिव्या देत होते. पण मी तो बोल्ट हातात धरून बसले. मी हेच केलं होतं. लिंकर नाही म्हणत होता, एकेचाळीस वेळा नाही म्हणत होता, आणि मी त्याचं तोंड दाबून त्याला हो म्हणायला लावलं होतं. खुणा जुळवल्या, पण आतली मांडणी जुळतेय का, हे तपासलंच नव्हतं.

मी बाबांना सगळं सांगितलं. दादाच्या बोटीचं काय होईल, तेही सांगितलं. बाबांनी पान्हा खाली ठेवला.

"किती फरक पडता?"

"सवा मीटर. कधी जास्त."

"तर मगे तुका ठावक आसा काय करूचा तां," एवढं म्हणून ते परत इंजिनाकडे वळले. मला त्यांचाही राग आला. निदान एकदा तरी त्यांनी म्हणायला हवं होतं की उद्याचा दिवस जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर अख्खं गाव होतं. बायका नव्या साड्यांत, बोटींना पताका, यंत्राच्या डब्याला झेंडूचा हार. दादानं पांढरा शर्ट घातला होता. नारळ समुद्राला दिला, चेअरमननी माझं कौतुक केलं आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक घेतला आणि सांगितलं की यंत्र चुकीची खोली दाखवतंय, त्याच्या भरवशावर कोणी तोंड ओलांडू नये.

माइक मध्येच खरखरला, म्हणून मला ते दोनदा सांगावं लागलं.

"आता सांगतस?" चेअरमन लाल झाले होते. "नारळ दिल्यार? इतक्या माणसांफुडे?"

"काल कळला, म्हणान आज सांगतंय. थंय चार मीटर दाखवता आणि पाणी आसा अडीच. जेका जावचा आसा तेना जावचा, पण माझ्या नावार नको."

मागून कोणीतरी म्हणालं की चेडवाच्या, म्हणजे पोरीच्या, हातात काम दिलं की असंच होणार. मी म्हटलं, कोण बोललं त्यानं पुढे येऊन बोलावं. कोणी आलं नाही. मी माइक चेअरमनच्या हातात दिला आणि हार काढून यंत्र काखोटीला मारलं. दादा पांढऱ्या शर्टात तसाच उभा होता. त्याच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत झाली नाही. चेअरमननी तिथल्या तिथं दुसऱ्या तांडेलाला बोलावलं आणि भरतीला बोटी दोरीच्या जुन्या पद्धतीनं, एकेक करून, जीव मुठीत धरून बाहेर गेल्या.

त्यानंतर अकरा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. ताटावरून उठून जायचा. आई त्याला काही म्हणाली नाही आणि मलाही नाही, आणि घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ काढून टाकावंसं वाटायचं.

मी मैत्रिणीला फोन केला आणि तुझंच खरं होतं असं कबूल केलं. हे मला फार जड गेलं. तिच्या कपाटात एक जुना लॅपटॉप होता, त्यावर तो दहा वर्षांपूर्वीचा कंपायलर अजून होता. तिनं तो जुन्या चादरीत गुंडाळून पुण्याच्या रात्रीच्या गाडीनं पाठवला. मी कुडाळला जाऊन घेतला. मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. त्या जुन्या कंपायलरनं एक छोटासा मधला तुकडा बनवला. तो आतल्या बाजूनं लायब्ररीशी तिच्याच रीतीनं बोलायचा आणि बाहेरच्या बाजूनं फक्त साधे आकडे द्यायचा, जे कुठलाही कंपायलर न चुकता घेईल. माझा प्रोग्राम त्या मधल्या तुकड्याला जोडला. या वेळी लिंकरशी भांडावं लागलं नाही.

चूक कुठे होती तेही सापडलं. लायब्ररीत दोन कामं एकाला एक लागून होती. एक आत्ताची खोली सांगायचं, दुसरं यंत्र सुरू केल्यापासूनची सर्वांत जास्त खोली सांगायचं. त्यांचा कंपायलर ती ज्या क्रमानं रांगेत ठेवतो, माझा त्याच्या उलट धरतो. मी आत्ताची खोली मागत होते आणि मला सर्वांत जास्त खोली मिळत होती. धक्क्याला होडी जागची हलत नव्हती, तिथं दोन्ही आकडे एकच. खाडीतल्या डोहावरून एकदा होडी गेली की पडदा त्या डोहाचीच खोली सांगत बसायचा, खाली वाळू असली तरी. बोट वाळूवर चढताना चार मीटर पाणी आहे म्हणून सांगितलं असतं त्यानं.

बाबा आणि मी चार दिवस तोंडाशी जाऊन मोजत होतो. बाबा दोरी सोडायचे, मी आकडा वाचायचे. कुठेही वितीपेक्षा जास्त फरक आला नाही. नकाशा तयार झाला आणि त्यात वाट दिसली, जुन्या वाटेपासून चांगली दूर, दक्षिणेला.

मी तो नकाशा घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेले. आठ-दहा बोटमालक बसले होते. दादाही होता, पर्यटकांच्या बोटीच्या कुठल्याशा कागदावर शिक्का घ्यायला दाराशी उभा होता. चेअरमननी नकाशा पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"आणि परत खोटा निघाला तर? गेल्या टायमाकसुद्धा चालता म्हणान सांगितलंस."

मी तोंड उघडायच्या आत दादा आत आला.

"गेल्या टायमाक खोटा आसा म्हणान सांगितल्यान कोणी? तिनाच ना?" तो टेबलाशी येऊन उभा राहिला. "माका आदल्या दिसाच कळला होता. होडयेत दोरी माझ्याच हातात होती. मी गप रवलंय, माका बोट होयी होती. ती गप रवाक नाय. आता तुमी ठरवा, इस्वास कोणावर ठेवूचो तो."

तांडेलानं असं कबूल केल्यावर त्याला पुन्हा बोट कोण देणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि दादाला सगळ्यांत आधी. चेअरमन म्हणाले, त्यांची बोट आता दुसऱ्याकडे आहे.

"ऱ्हवंदे तुमची बोट तुमच्याकडे," दादा म्हणाला. "उद्या सकाळी भरतयेक मी बाबांच्या होडयेतसून ह्या वाटेन भायर जातंय. ही माझ्यावांगडा आसतली. जेका येवचा आसा तेना मागसून येवा."

घरी जाताना तो माझ्या पुढे चालत होता. वळला नाही, पण सावकाश चालत होता, मला गाठता येईल असा.

सकाळी भरतीला आम्ही निघालो. लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि मी आकडे ओरडून सांगत होते. तोंडाशी पाणी उसळत होतं. जुन्या वाटेवर लाटा पांढऱ्या फुटत होत्या. दादानं होडी दक्षिणेला घेतली. तीन वीस. तीन. दोन नव्वद. तीन चाळीस. होडीचा तळ कुठेही घासला नाही. मग लाटांची चाल बदलली, लांब आणि सावकाश झाली, आणि मला कळलं की आपण बाहेर आलो. मी रडत होते आणि तरीही आकडे ओरडतच होते.

दादानं मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. आम्ही आलो त्याच वाटेनं, एका ओळीत, सहा बोटी येत होत्या. चेअरमनची त्यात चौथी होती.